ठिपकी अकरा दिवस का जेवली नाही

"मॅडम, अकरा दिवस झाले, तिने तोंडात काही घेतलेलं नाही. जबरदस्तीने भरवायचं का आता?"

वडिलांनी हे दारातूनच विचारलं. त्यांच्या मागे बारा वर्षांची मुलगी होती, भोकं पाडलेला प्लास्टिकचा डबा दोन्ही हातांनी छातीशी धरलेली. डब्यात टिश्यूच्या घडीखाली लेपर्ड गेको या पाळीव पालीचं पिल्लू, वय जेमतेम दोन महिने. नाव ठिपकी. अंगावर मात्र पिवळे आणि काळे पट्टेच होते, कारण या जातीत ठिपके मोठेपणी उमटतात. हे मी बोलून दाखवल्यावर मुलगी शांतपणे म्हणाली, "माहितीये मावशी. येतील ना नंतर." तिला आपल्या प्राण्याबद्दल बरंच ठाऊक आहे हे तेव्हाच लक्षात आलं.

प्राण्यांच्या दवाखान्यात माझं काम पाळणाऱ्यांशी बोलण्याचं. तपासणी, औषध डॉक्टरांचं. माझ्याकडे एकच गोष्ट जास्त असते, ती म्हणजे वेळ. पाली, सरडे पाळणाऱ्यांचा सगळ्यात जास्त वेळा येणारा प्रश्न हाच: पिल्लू खात नाही, काय देऊ? मला या प्रश्नातला "काय" हा शब्दच खटकतो. कारण बहुतेक वेळा घोळ खाऊत नसतो.

डॉक्टरांनी आधी तपासलं. डोळे स्वच्छ, खोल गेलेले नाहीत. जबडा टणक. पोट मऊ, कुठे गाठ लागत नाही. शेपूट थोडी उतरलेली, पण गोल. लेपर्ड गेको चरबी शेपटीत साठवतो, त्यामुळे शेपूट ही त्याची शिदोरी, आणि ठिपकीची शिदोरी अजून संपलेली नव्हती. आणलं तेव्हाचं वजन वडिलांनी लिहून ठेवलं होतं, ७.८ ग्रॅम. आमच्या काट्यावर ७.३ भरलं. म्हणजे सहा-सात टक्के घट. काळजी करण्याजोगी, पण घाबरण्याजोगी नाही. विष्ठेचा ताजा नमुना मिळेल तेव्हा आणा, असं सांगून डॉक्टरांनी त्यांना माझ्याकडे पाठवलं.

मी विचारलं, "आत्तापर्यंत काय काय केलं?"

वडील सांगू लागले आणि मुलीने दप्तरातून वही काढली. मला अशा वह्या फार आवडतात. तिने अकरा दिवसांची नोंद ठेवली होती, वेळेसकट. रविवारचं पान मी मोठ्याने वाचलं. सकाळी ७: बाहेर काढलं, नाकाशी अळी धरली, पळाली. ७.३०: पुन्हा. ८.१५: बाबांनी चिमट्याने प्रयत्न केला. ९: जागा बदलली. ९.२०: आजीला दाखवली. एका दिवसात सतरा नोंदी. मी वाचत गेले तसतसा वडिलांचा चेहरा उतरत गेला. त्यांना दुखवायचा माझा हेतू नव्हता, पण हे मी सांगण्यापेक्षा त्यांनी स्वतःच्या कानांनी ऐकणं बरं होतं.

सात ग्रॅमच्या जिवाच्या जागेवरून पाहा. वरून एक प्रचंड हात येतो, उचलतो, तोंडाशी काहीतरी दाबतो, परत टाकतो. रानात वरून येणारी गोष्ट म्हणजे शिकारी पक्षी. दिवसातून सतरा वेळा पक्ष्याच्या तावडीतून सुटलेलं पिल्लू जेवायला बसेल कसं? नव्या जागी आल्यावर आठवडाभर, कधी दोन आठवडेही, ही पिल्लं खात नाहीत. तेवढ्या काळात त्यांना काही शिकवायचं नसतं, दाखवायचं नसतं, लळा लावायचा नसतो.

दुसरी गोष्ट वेळेची. सगळ्या नोंदी सकाळच्या, नाहीतर दुपारी चारच्या. शाळेची वेळ सांभाळून केलेल्या. लेपर्ड गेको संधिप्रकाशात हिंडणारा प्राणी आहे. सकाळी सातला त्याची झोपायची वेळ होते. आपल्याला मध्यरात्री उठवून पुढ्यात ताट ठेवलं तर आपणही तोंड फिरवू.

पण माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकत होती (या धंद्यात हा वाक्प्रचार वापरायला मी नेहमी कचरते) ती वेगळ्याच गोष्टीची. ती राहते त्या काचेच्या टाकीतल्या उबेची.

"तापमान बरोब्बर आहे," वडील म्हणाले. "थर्मोस्टॅट ३२ दाखवतो. मी रोज बघतो."

"त्याचा प्रोब, म्हणजे तापमान मोजणारं टोक, कुठे आहे?"

"खाली. टाकी गरम करणारी हीट मॅट आणि काचेच्या मध्ये."

"आणि काचेवर काय अंथरलंय?"

"नारळाच्या भुशाची माती. चांगली दोन इंच. तिला मऊ लागावं म्हणून."

मी त्यांना संध्याकाळी एक साधा प्रोबवाला डिजिटल थर्मामीटर घ्यायला सांगितला आणि त्याचं टोक ठिपकी जिथे लपते त्या जागी, तिच्या पोटाखाली येईल असं मातीवर ठेवून अर्ध्या तासाने फोटो पाठवायला सांगितला. फोटो आला. २४.८.

घोळ असा होता. मॅट ३२ अंशांपर्यंत तापत होती, प्रोब मॅटलाच चिकटलेला असल्यामुळे थर्मोस्टॅट समाधानाने ती बंद करत होता, आणि वरची दोन इंच माती गोधडीसारखी ऊब अडवून धरत होती. यंत्र खोटं बोलत नव्हतं, पण ते मॅटचं तापमान सांगत होतं, पालीचं नव्हे.

हे इतकं महत्त्वाचं का, ते वडिलांना फोनवर सविस्तर सांगावं लागलं. आपण खातो त्यातला मोठा भाग शरीर गरम ठेवण्यात जळतो. पालीचं शरीर स्वतःची ऊब तयार करत नाही, ती बाहेरून घेते. लेपर्ड गेकोला उबदार बाजूच्या जमिनीवर साधारण ३१ ते ३३ अंश लागतात आणि दुसऱ्या टोकाला २४ ते २६, म्हणजे हवं तेव्हा इकडून तिकडे सरकता येतं. पोटाला ती ऊब मिळाली नाही तर पचन मंदावतं आणि गिळलेला किडा पोटात तसाच पडून राहतो, कधी सडतो, मग उलटी होते. थंड पोट घेऊन खायला नकार देणारं पिल्लू हट्टी नसतं, शहाणं असतं. आणि अशा पिल्लाला जबरदस्तीने भरवणं म्हणजे चूल न पेटवता भांडं भरत राहणं.

मग आम्ही पाच दिवसांचा बेत ठरवला. माती काढून टाकायची, त्याजागी साधा पेपर टॉवेल. तो सुंदर दिसत नाही, मुलगी नाराज झाली, पण त्यावर विष्ठा दिसते आणि आत्ता आम्हाला तीच हवी होती. प्रोब कागदावर, उबदार लपणाच्या (लपायच्या जागेच्या) आत. लपणं तीन: एक उबदार बाजूला, एक गार बाजूला, आणि एक ओलसर शेवाळ घातलेलं, कात टाकायला. अरुंद हवीत, अंग दोन्हीकडून टेकलं पाहिजे. ऐसपैस गुहा आपल्याला आवडते, तिला नाही. टाकीच्या तीन बाजू बाहेरून कागदाने झाकायच्या. हात लावायचा नाही. पहिले दोन दिवस खायला काहीच ठेवायचं नाही, फक्त पाणी बदलायचं. तिसऱ्या दिवसापासून अंधार पडल्यावर तासाभराने, मंद उजेडात, दोन छोटे रातकिडे.

छोटे म्हणजे किती? वडिलांनी आणलेले किडे पूर्ण वाढ झालेले होते, ठिपकीच्या डोक्याहून लांब. पिल्लाच्या दोन डोळ्यांमधलं अंतर हे माप धरायचं, किडा त्याहून लांब नको. शिवाय त्यांनी एका रात्री डझनभर किडे टाकीत सोडून दिले होते, "भूक लागली की खाईल" म्हणून. भुकेले रातकिडे झोपलेल्या पिल्लाची बोटं आणि पापण्या कुरतडतात. न खाल्लेले किडे रात्रीच काढून घ्यायचे. बशीत पडून राहणाऱ्या मीलवर्म अळीपेक्षा आत्ता हलणारा किडा बरा, कारण या वयात हालचाल दिसली की झडप घालायची, एवढंच त्यांना कळतं. किड्यांना आदल्या दिवशी पोटभर खाऊ घालायचं आणि देताना कॅल्शियमची पावडर चोळायची. बागेतले किडे मुळीच नकोत, त्यांच्यावर काय फवारलंय कळत नाही. काजवे तर विषारीच.

आणि वजन सहाव्या दिवशी, एकदाच. "७ ग्रॅमच्या खाली गेलं तर मला फोन करू नका, थेट डॉक्टरांकडे या." दहा टक्के घट ही माझी लक्ष्मणरेषा. वजन कितीही असो, शेपूट काडीसारखी होणं, पुन्हा पुन्हा उलटी, खोल गेलेले डोळे, मऊ पडलेला जबडा, पाय थरथरणं, फुगलेलं पोट आणि विष्ठा नाही, यांतलं एक जरी दिसलं तरी थांबायचं नाही.

ही यादी मी इतकी ठासून सांगते त्याला कारण आहे. सुरुवातीच्या काळात एका पिल्लाबद्दल मी फोनवरच "आठवडाभर निवांत ठेवा" असं सांगितलं होतं. खाली काय अंथरलंय ते विचारलंच नाही. वाळू होती, आणि पिल्लाच्या पोटात ती भरली होती. एक्स-रेमध्ये दिसलं. ते वाचलं, पण माझ्या सल्ल्यामुळे नव्हे. तेव्हापासून तपासणी झाल्याशिवाय मी कुणालाही थांबायला सांगत नाही.

तिसऱ्या संध्याकाळी ठिपकीने किड्यांकडे पाहिलंही नाही. चौथ्या संध्याकाळी पाहिलं, मान वळवली, आत गेली. रात्री दहाला वडिलांचा फोन आला.

"मॅडम, मी उद्या भरवतोच. अळीचं डोकं चेपून तिचा रस ओठाला लावायचा, असं वाचलंय. नाहीतर सिरिंजने."

मी म्हटलं, तिचा जबडा तुमच्या नखाएवढा आहे. सिरिंजमधला थेंब श्वासनलिकेत गेला तर निमोनिया होतो. घाबरली तर शेपूट टाकेल, म्हणजे साठवलेली सगळी चरबी तुमच्या हातात आणि ती रिकामी. भरवायची वेळ आलीच तर डॉक्टर भरवतील, पाणी आणि ऊब सावरल्यावर.

ते काही वेळ बोललेच नाहीत. मग म्हणाले, "मुलगी लहानपणी खायची नाही. दोन वर्षं आम्ही तिच्या मागे ताट घेऊन धावलो. ते दिवस आठवले की मला बसवत नाही."

माझ्या मते खरं समुपदेशन तिथे सुरू झालं. त्याआधीचं सगळं थर्मामीटरने सांगितलं असतं. मी त्यांना पालीबद्दल अजून काही सांगितलं नाही. ते बोलत राहिले, मी ऐकत राहिले, अर्धा तास. शेवटी त्यांनीच विचारलं, "मग मी उद्या संध्याकाळी काय करू?" मी म्हटलं, किडे ठेवून फिरायला जा. खरोखर घराबाहेर जा.

ते गेले. मुलगी कागदाच्या फटीतून बघत होती, ते मी ठरवलेल्या बेतात नव्हतं पण असो. तिची नोंद: "८.४०. शेपटीचं टोक हललं. मग एकदम झडप. एक गायब. मी ओरडले नाही."

त्यानंतर फार सांगण्यासारखं नाही. दुसऱ्या दिवशी दोन, मग तीन. आठव्या दिवशी कागदावर विष्ठा मिळाली, तपासली, परजीवी नव्हते. सहाव्या दिवशी वजन ७.२ होतं, तिसऱ्या आठवड्यात ८.६.

हीच तक्रार घेऊन कुणी बिअर्डेड ड्रॅगन या सरड्याचं पिल्लू आणलं असतं तर मी वेगळं बोलले असते. तो दिवसाचा प्राणी. त्याला ऊन खायच्या जागी ४० अंशांच्या आसपास लागतात आणि यूव्हीबी म्हणजे अतिनील किरणांची नळी अत्यावश्यक. ही नळी डोळ्यांना उजळ दिसत असतानाच आतून निकामी होते आणि तिचे किरण काचेतून जात नाहीत, त्यामुळे खिडकीतलं ऊन कामाचं नाही. त्या पिल्लांना दिवसातून दोन-तीनदा खायला लागतं, अकरा दिवस वाट पाहणं त्यांच्या बाबतीत धोक्याचं. आणि एका टाकीत दोन पिल्लं असतील तर पहिला सल्ला एकच, वेगळी करा. भांडण दिसत नसलं तरी एक खातं आणि दुसरं कोपऱ्यात वाळत जातं.

महिन्याभराने मुलगी वही दाखवायला आली. ठिपकीने पुन्हा दोन दिवस खाणं सोडलं होतं आणि मला कुणी फोन केला नव्हता. नोंद अशी होती: "अंग पांढरट. कात येतेय. किडे ठेवले नाहीत. ओलसर लपण भिजवलं. हात लावला नाही." आणि खाली, तिसऱ्या दिवसाची: "कात टाकली आणि खाल्ली पण. बोटं तपासली, सगळी मोकळी. डोक्यामागे एक ठिपका दिसतोय. बाबा म्हणतात, नाही."