पाठ करून आणलेले वाक्य

प्रिय मित्रा,

तुझे पत्र मिळाले. पापनिवेदनाला बरेच दिवस गेलो नाही, दर वेळी फादरांपुढे तीच पापे सांगायची लाज वाटते, आधी थोडा सुधारतो आणि मग जातो, असे तू लिहिले आहेस. देव आता आपल्याला कंटाळला असेल, हेही एका ओळीत लिहून टाकलेस. त्या ओळीने मला अस्वस्थ केले, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी सुधारणा आणि मग क्षमा, हा क्रम तुला सरळ वाटतो. पण लूकच्या शुभवर्तमानाचा पंधरावा अध्याय उघड आणि उधळ्या पुत्राचा दाखला पुन्हा वाच. माहीत आहे म्हणून भरभर पुढे जाऊ नकोस. बापाकडून घेतलेला वाटा उडवून डुकरांमध्ये उपाशी बसलेला तो धाकटा मुलगा घरी गेल्यावर बोलायचे वाक्य मनात जुळवतो: बाबा, मी स्वर्गाविरुद्ध आणि तुमच्याविरुद्ध पाप केले आहे, तुमचा मुलगा म्हणवून घ्यायला मी योग्य नाही, मला तुमच्या एका मजुरासारखे ठेवा. हे एकोणिसाव्या वचनापर्यंत आहे. आता एकविसावे वचन बघ. बापासमोर उभा राहून तो तेच वाक्य बोलू लागतो, पण मजुराचा भाग त्याच्या तोंडून येतच नाही. त्याआधीच बाप चाकरांना सांगू लागतो: उत्तम झगा आणा, हातात अंगठी घाला, पायांत जोडे घाला. मुलाच्या बोलण्याला बाप उत्तरसुद्धा देत नाही. मजुरीवर राहण्याचा प्रस्ताव विचारात घेण्यासारखा त्याला वाटलेलाच नाही.

तू मांडतोस तो प्रस्ताव याच जातीचा आहे. थोडे काम करून दाखवतो, मग घरात घ्या. मुलगा दूर होता तेव्हाच बापाने त्याला पाहिले, कळवळून धावत जाऊन त्याला मिठी मारली, आणि हे सगळे मुलाने तोंड उघडण्याच्या आधी घडले. पोप संत योहान पॉल दुसरे यांनी 1980 साली देवाच्या दयेविषयी संपूर्ण ख्रिस्तसभेला जे पत्र लिहिले, त्यातले एक अख्खे प्रकरण त्यांनी याच दाखल्याला दिले. मुलाने संपत्ती उडवली तरी त्याचे पुत्रपण गेले नाही, आणि बाप त्या पुत्रपणाशी एकनिष्ठ राहिला, यावर त्यांचा भर आहे.

भाऊ परतल्याची मेजवानी चालू असताना रागाने घराबाहेरच राहिलेल्या थोरल्या मुलापाशीही थांब. बरेच जण त्याला मत्सरी ठरवून पुढे जातात, मला ते पटत नाही. तो म्हणतो, इतकी वर्षे मी तुमची चाकरी करतो आहे आणि तुम्ही मला कधी करडूही दिले नाही. म्हणजे धाकटा मजूर व्हायला तयार झाला होता, आणि थोरला घरात राहूनही इतकी वर्षे मजुरासारखाच जगला. दोघांच्याही डोक्यात हिशेब आहे. बाप धाकट्यासाठी घराबाहेर पडतो आणि थोरल्यासाठीही पडतो. मग थोरला आत गेला का? लूक सांगत नाही. हा दाखला येशूने कुणाला सांगितला ते अध्यायाच्या पहिल्या दोन वचनांत आहे: तो पाप्यांबरोबर जेवतो म्हणून कुरकुरणाऱ्या परूशी आणि शास्त्री या यहुदी धर्मपुढाऱ्यांना. उत्तर त्यांनी द्यायचे होते.

आता मत्तयचा अठरावा अध्याय. एका चाकरावर राजाचे दहा हजार तालांत देणे आहे. एक दिनार ही दिवसाची मजुरी, आणि एका तालांतात साधारण सहा हजार दिनार. म्हणजे सहा कोटी दिवसांची मजुरी झाली. वर्षाला तीनशे दिवस राबला तरी दोन लाख वर्षे लागतील. तरीही तो पाया पडून म्हणतो, मला वेळ द्या, मी सगळे फेडीन! राजा त्याला वेळ देत नाही, कर्जच सोडून देतो. बाहेर पडल्याबरोबर तो शंभर दिनारांसाठी सोबत्याचा गळा धरतो. तो सोबतीही जवळजवळ त्याच शब्दांत विनवतो, तरी याच्या कानावर ते पडत नाहीत. मला वाटते, आपले कर्ज खरोखर माफ झाले यावर त्या माणसाचा विश्वासच बसला नसावा. अजून फेडायचेच आहे असे ज्याला वाटते, तो वसुली कशी थांबवणार?

आणखी एक. शंभर दिनार म्हणजे तीन महिन्यांहून जास्त मजुरी. लोकांनी आपले केलेले नुकसान क्षुल्लक असते, असे येशू म्हणत नाही. तू पत्राच्या शेवटी ज्या नातेवाइकाविषयी लिहिलेस, त्याने केलेला अन्याय मोठाच आहे. क्षमा करायची म्हणजे तो लहान होता असे स्वतःला पटवायचे, असा गैरसमज करून घेऊ नकोस.

तू विचारशील, मग सुधारायचे नाहीच का? लोकांना लुबाडणाऱ्या जक्कया या जकातदाराकडे बघ, लूकचा एकोणिसावा अध्याय. येशू त्याला झाडावरून खाली बोलावतो आणि आज तुझ्या घरी उतरायचे आहे म्हणतो. अजून जक्कयाने एक पैसाही परत केलेला नाही. येशूने असे बोलावल्यावर तो आनंदाने अर्धी मालमत्ता गरिबांना देतो आणि ज्यांना लुबाडले त्यांना चौपट परत करायला उभा राहतो. परतफेड आहे, पण ती प्रवेशाची किंमत म्हणून केलेली नाही. पापनिवेदनातही असेच आहे. पश्चात्ताप हवा, पुन्हा पाप न करण्याचा निश्चयही हवा, त्यात सूट नाही. पण निश्चय घेऊन यायचे असते, यश हातात घेऊन नव्हे. फादर प्रायश्चित्त सांगतात, पापक्षमेचे शब्द उच्चारतात, आणि ते प्रायश्चित्त आपण नंतर पूर्ण करतो. सुरुवातीच्या शतकांत गंभीर पापांसाठी हा क्रम उलटा होता. लोक कधी कधी वर्षानुवर्षे उघड प्रायश्चित्त करत आणि मगच त्यांचा समेट होई. सातव्या शतकात आयर्लंडच्या मिशनऱ्यांनी खासगी पापनिवेदनाची पद्धत युरोपभर नेली, तीच आज आपल्यापर्यंत आली आहे. तुला ती सहज मिळाली आहे, ती वापर.

देव कंटाळतो का, याचे उत्तर बायबलमधल्या निर्गम या पुस्तकाच्या चौतिसाव्या अध्यायात शोध. लोकांनी सोन्याचे वासरू केले, मोशेने दगडी पाट्या फोडल्या, आणि एवढे झाल्यावर सीनाय पर्वतावर देव स्वतःची ओळख सांगतो: दयाळू, कृपाळू, मंदक्रोध. ही ओळख लोकांनी विश्वासघात केल्यानंतर दिलेली आहे. पोप फ्रान्सिस यांनी 17 मार्च 2013 रोजी, पोप झाल्यावर पहिल्याच रविवारी, चौकात जमलेल्या लोकांना हेच सांगितले: देव क्षमा करताना कधीच थकत नाही, क्षमा मागताना आपणच थकतो.

आता करायचे काय. या आठवड्यात रोज फक्त लूक पंधरा वाच, दुसरे काही नको. शुक्रवारी एक्कावन्नावे स्तोत्र म्हण. ख्रिस्तसभा दर शुक्रवारच्या सकाळच्या प्रार्थनेत तेच म्हणते. नाथान संदेष्ट्याने पाप तोंडावर सांगितल्यानंतरची दावीद राजाची ही प्रार्थना मानतात, आणि तिच्यात तो एकही सबब पुढे करत नाही. मग पापनिवेदनाला जा. शक्यतो दर वेळी एकाच फादरांकडे जा, म्हणजे तेच ते पाप का घडते हे त्यांनाही उमगेल. लांबण लावू नकोस, स्वतःला शिव्याही घालू नकोस. जे आधी सांगून क्षमा मिळाली आहे ते पुन्हा उकरू नकोस. पापक्षमेच्या वेळी नीट लक्ष दे. ते शब्द देवाला दयेचा पिता म्हणूनच सुरू होतात.

ते झाल्यावर योना संदेष्ट्याचे पुस्तक वाच, चारच अध्याय आहेत. सीनायवर देवाने स्वतःविषयी सांगितलेले तेच शब्द योना तक्रार म्हणून देवाच्या तोंडावर फेकतो, कारण निनवे हे शत्रूंचे शहर देवाच्या शिक्षेतून वाचले हे त्याला सहन होत नाही. पुस्तकाच्या शेवटी देव त्याला एक प्रश्न विचारतो. त्या नातेवाइकाला मनात ठेवून तो प्रश्न वाच आणि तुझे उत्तर मला लिहून कळव.

मिस्सात रोज तुझी आठवण काढतो.

तुझाच,
एक वडीलधारा