ते दोन क्लास धरावेच लागणार

पत्र:

ताई, मी 31 वर्षांची, न्यू जर्सीत राहते. सहावीत असताना सांगलीहून इकडे आलो. बायोलॉजीत डिग्री आहे, 120 क्रेडिट, जीपीए चारपैकी 2.9. तेव्हा प्री-मेडच, म्हणजे मेडिकलला लागणारे विषय करत होते पण ऑरगॅनिक केमिस्ट्री आणि फिजिक्सनी वाट लावली. डिग्रीनंतर बाबांचं डायलिसिस सुरू झालं, सोम-बुध-शुक्र मीच न्यायचे. त्या वर्षी इथल्या काउंटी कॉलेजला लॅबवाले सायन्सचे दोन क्लास घेतले होते पण नोव्हेंबरात बाबा गेले आणि त्याच्या आधीच मी वर्गात जाणं सोडलं होतं, पार्किंगमधे गाडीत बसून डबा खाऊन घरी यायचे, तर ते काही मी धरत नाही. पुढच्या वर्षी मेडिकलची प्रवेश परीक्षा एमकॅट दिली, 497 आले, मग सगळं बंदच केलं. आता सहा वर्षं एका क्लिनिकमधे मेडिकल असिस्टंट आहे आणि मन परत तिकडेच ओढतंय. आई म्हणते नर्सिंग कर नाहीतर लग्न कर, तुला सगळे चान्स देऊन झाले. तिला माझं काही समजूनच घ्यायचं नाहीये. भाऊ म्हणतो डॉक्टर होईपर्यंत चाळिशी येईल. ताई, खरंच उशीर झालाय का? आणि पोस्ट-बॅकच्या, म्हणजे डिग्रीनंतर मेडिकलसाठी सायन्सचे क्लास करून घेतात तशा, एखाद्या वर्षाच्या प्रोग्रामला जाऊ का सुटे क्लास करू?

उत्तर:

अगं, वयाचं आणि आईचं नंतर बघू. क्लिनिकमधे पेशंट हिस्टरी सांगताना एखादी गोष्ट घाईघाईने उरकतो तेव्हा तू टायपिंग थांबवून परत तेच विचारत असशील ना, मी पण तेच करतीये. 'ते काही मी धरत नाही' इथे मी अडकले ती अजून तिथेच आहे. आई काय म्हणते भाऊ काय म्हणतो हे तू नीट लिहिलंस, आणि आख्खं सेमिस्टर एका दमात उरकलंस, बाबा गेल्याचं पण त्याच वाक्यात.

धरत नाही म्हणजे काय? ते धरायचं का नाही हे तू ठरवायचंच नाहीये मुळी. एमडीच्या (इथली डॉक्टरकीची पहिली डिग्रीच ती) बहुतेक कॉलेजांसाठी ॲमकॅसचा जो एकच सामायिक अर्ज भरतात त्यात हायस्कूलनंतर तू जिथे जिथे नाव घातलंस ते प्रत्येक कॉलेज लिहावं लागतं, क्रेडिट मिळो न मिळो, मधेच सोडलेलं असो, एकच क्लास असो, आणि तिथून ऑफिशियल ट्रान्सक्रिप्ट, म्हणजे ग्रेडचा कागद, थेट त्यांच्याकडे जावं लागतं. डीओच्या, म्हणजे ऑस्टिओपॅथिक डॉक्टरांच्या, कॉलेजांचा अर्ज वेगळा, पण हे तिथेही आहेच. आणि सगळी माहिती खरी आणि पूर्ण आहे असं तुला स्वतः लिहून द्यावं लागतं. कॉलेज गाळलं आणि नंतर ते निघालं तर ॲमकॅस चालवणारी एएएमसी ही संस्था चौकशी करू शकते, आणि त्याचा रिपोर्ट तू अर्ज केलेल्या कॉलेजांपर्यंत जाऊ शकतो. दोन एफ, म्हणजे नापासाचे ग्रेड, घेऊन मेडिकलला गेलेले लोक आहेत, पण कॉलेज लपवल्याचा रिपोर्ट मागे लागला तर त्यातून बाहेर पडणं फार म्हणजे फार अवघड.

दोन एफ मी अंदाजानी म्हणतीये. तू 'वर्गात जाणं सोडलं' असं लिहिलंयस, विथड्रॉ केलं, म्हणजे रीतसर क्लासमधून नाव काढलं, असं कुठेच लिहिलेलं नाहीये, त्यामुळे तिथे एफ लागलेले असणार असंच समजून मी पुढचा हिशेब करते आणि तू पण कर. लॅबसकट सायन्सचा क्लास बहुतेक ठिकाणी 4 क्रेडिटचा, म्हणजे दोन मिळून 8. ए ला क्रेडिटमागे 4 पॉइंट, एफला शून्य. तुझे 120 क्रेडिटला 2.9 म्हणजे 348 पॉइंट झाले, त्यात शून्य पॉइंटची ही 8 क्रेडिट घातली की 348 भागिले 128, आले 2.72. इतकी वर्षं तू 2.9 डोक्यात धरून सगळे प्लॅन करतीयेस आणि ॲमकॅस जो आकडा काढणार आहे तो 2.72 आहे! फरक छोटा वाटतो पण तो किती महाग आहे बघ, 2.9 वरून 3.0 ला यायला सगळे ए मिळवून 12 क्रेडिट पुरतात, म्हणजे तीन क्लास, आणि 2.72 वरून तिथेच पोचायला 36 क्रेडिट, म्हणजे नऊ क्लास, नऊच्या नऊ ए. नोकरी सांभाळून सेमिस्टरला दोन केलेस तर अडीच वर्षं. आणि 3.0 म्हणजे काही फार मोठा जीपीए नव्हे, पण काही कॉलेजं त्याच्या खालचे अर्ज नीट वाचायच्या आधीच बाजूला काढतात म्हणून तो ओलांडणं भाग आहे.

म्हणजे तू जे विचारलंयस, वर्षाचा प्रोग्राम का सुटे क्लास, त्याचं उत्तर पण त्या अर्ध्या वाक्यातच अडकलेलं आहे. हजारो डॉलर भरून वर्षाचा प्रोग्राम केलास, 30 क्रेडिटला सगळे ए मिळाले, तरी 2.96 लाच थांबशील, आणि हे तुला कधी कळलं असतं तर अर्ज भरताना. मला ह्याचीच काळजी वाटते, की तू पुन्हा जीव तोडून अभ्यास करशील आणि चुकीच्या आकड्यावर करशील.

अजून एक. ॲमकॅसमधे डिग्रीनंतरच्या अंडरग्रॅज्युएट क्लासचा जीपीए वेगळ्या ओळीत दिसतो. तुझे नवे सगळे ए त्या ओळीत येणार आणि ते दोन एफ पण त्याच ओळीत, त्यामुळे 36 क्रेडिटला पैकीच्या पैकी मिळाले तरी ती ओळ 3.27 दाखवणार. पण वाचणाऱ्याला प्रत्येक क्लास कधी केला ते वर्षही दिसतं, आठेक वर्षांपूर्वीचं एक सेमिस्टर आणि मग आत्ताचे एकामागून एक ए, हे दिसतं आणि ते बघितलं जातं. तेच दोन क्लास परत केलेस तरी जुने एफ पुसले जात नाहीत, ॲमकॅस दोन्ही वेळचे ग्रेड धरतं. डीओवाल्यांकडे पूर्वी नवा ग्रेड जुन्याच्या जागी घ्यायचे, ती सोय 2017 ला बंद झाली, पण ती अजून आहे असं सांगणारे लोक भेटतात, त्यांचं ऐकू नकोस.

आता त्या गाडीबद्दल. आठवड्यातले तीन दिवस बाबांना डायलिसिसला न्यायचं, तिथे एका वेळचे चार चार तास जातात, आणि क्लासच्या दिवशी घरून डबा घेऊन कॉलेजच्या पार्किंगपर्यंत जायचं पण खाली उतरायचं नाही. बेसमेंटला नाही, मॉलला नाही, कॉलेजच्याच पार्किंगला जायचीस. तुला जायचं होतं गं. 22-23 वर्षांची होतीस, बाबांचं काय होणार हे दिसत होतं आणि ते घरी कुणी मोठ्याने बोलत नसणार, आपल्या घरांत नाहीच बोलत. त्या मुलीचा मला जराही राग येत नाही. तिला मी जवळ घेतलं असतं आणि रजिस्ट्रारच्या खिडकीशी नेऊन विथड्रॉवलचा फॉर्म भरून घेतला असता, एवढंच करायचं राहिलं होतं.

राग येतो तो आत्ताच्या 31 वर्षांच्या बाईचा, जी अजून त्या मुलीला गाडीतच बसवून ठेवतीये. आईनी समजून घेतलं नाही म्हणतेस, पण आईला समजायला तू दिलंयस काय? माझी खात्री आहे आईला हे माहीत नाही. तिच्या लेखी मुलगी बाबांच्या आजारपणात सुद्धा कॉलेजला जात होती, आणि 'सगळे चान्स देऊन झाले' ह्या तिच्या हिशेबात ते सेमिस्टर पण मोजलेलं आहे. ती अर्धीच गोष्ट ऐकून मत बनवतीये आणि ती अर्धी गोष्ट तूच तिला दिलीयेस. नर्सिंग कर म्हणाली म्हणून तिच्यावर रुसू नकोस.

आणि ह्या गोष्टीला अर्जात जागा आहे हे तुला कुणी सांगितलेलं दिसत नाही. मुख्य निबंध 5,300 अक्षरांचा असतो, त्याशिवाय आयुष्यात काय अडचणी आल्या हे लिहायला 1,325 अक्षरांची वेगळी जागा अलीकडे ठेवलेली आहे. तुझ्या बाबांचं डायलिसिस, ते दोन क्लास, हे तिथे साध्या शब्दांत लिहायचं आणि पुढे मी काय केलं ते लिहायचं. कॉलेजच गाळलंस तर हे कुठे लिहिणार? मग वाचणाऱ्यासमोर नुसता कमी जीपीए आणि 497 राहतात.

497 चं फार मनाला लावून घेऊ नकोस. 472 ते 528 च्या मापात ते मधल्या आकड्याच्या जरासं खाली आहे, आणि बहुतेक कॉलेजं दोन-तीन वर्षांपेक्षा जुना स्कोअर घेतच नाहीत म्हणजे तुला परत द्यायचीच आहे. आयुष्यात सात वेळा देता येते. पण क्लास व्हायच्या आधी देऊ नकोस, बाबा गेल्यानंतर लगेच दिलीस तशी तर नाहीच.

वयाचं भाऊ बरोबर बोलतोय, उलट त्याने कमीच धरलंय. अडीच वर्षं क्लास, एमकॅट आणि अर्जाचं वर्ष, मग चार वर्षं मेडिकल, मग फॅमिली मेडिसिनसारखी सगळ्यात छोटी रेझिडेन्सी पण तीन वर्षांची, म्हणजे 42 च्या आसपास. हे गणित तुला काय माहीत नव्हतं? सहा वर्षं डॉक्टरांच्या शेजारी उभी राहून काम करतीयेस, रेझिडेंटचे हाल बघून झालेत, आणि तरी तुला जायचंय. तर मग जा. मला ह्यात चर्चा करण्यासारखं काही दिसत नाही, तुझ्या भावाला दिसत असेल तर त्याने करावी.

तू आत्ता एकच काम करायचं. ह्याच आठवड्यात त्या काउंटी कॉलेजचं ट्रान्सक्रिप्ट स्वतःच्या नावावर मागवून घे. रजिस्ट्रारच्या पानावर ऑनलाइन होतं, फी किरकोळ असते, जुना स्टुडंट आयडी आठवत नसेल तर नाव आणि जन्मतारखेवरून ते शोधून देतात. जुनी फी थकलेली निघू शकते, कारण वर्गात गेलं नाही म्हणून बिल माफ होत नाही, आणि थकबाकीपोटी ट्रान्सक्रिप्ट अडवून ठेवणारी कॉलेजं आहेत. निघाली तर हप्ते बांधून घे पण विषय मिटव, नाहीतर ऐन मे-जूनमधे अर्जाच्या वेळी ह्या एका कागदासाठी आठवडे जातील, आणि बऱ्याच कॉलेजांत अर्ज येतील तसे बघतात, उशिरा पोचलेल्याला तोटाच होतो. रजिस्ट्रारशी बोलशील तेव्हा एवढं नक्की विचार की घरच्या आजारपणाच्या कारणाने मागच्या तारखेचं विथड्रॉवल देता का. काही कॉलेजं डायलिसिसचे कागद, डेथ सर्टिफिकेट बघून देतात, काही इतक्या वर्षांनी नाही म्हणतात. दिलं तर एफच्या जागी डब्ल्यू येतो आणि डब्ल्यू जीपीएत धरत नाहीत, मग वरचा सगळा हिशेब बदलून तू परत 2.9 वर येशील. नाही दिलं तरी मागितल्याने काही बिघडत नाही. आणि डब्ल्यू मिळाला तरी कॉलेजचं नाव अर्जात लिहायचंच आहे, तिथे पुन्हा 'धरत नाही' सुरू करू नकोस.

कागद आला की आईसमोर ठेव. डब्याचं पण सांग. ती काय म्हणेल मला माहीत नाही, पण सांग.

मग त्यावर नेमके काय ग्रेड आहेत ते मला कळव, पोस्ट-बॅक का सुटे क्लास ते तेव्हा बोलू. तोपर्यंत कुठल्याही प्रोग्रामचं डिपॉझिट भरू नकोस.