एकाच पायाची सूज आणि 'नॉर्मल' रिपोर्ट

प्रश्न : मी 23 वर्षांची, अमळनेर तालुक्यातल्या खेड्यात राहते आणि जळगावला शिकायला रोज रेल्वेने ये-जा करते. मागच्या दिवाळीपासून डावा पाय सुजतो. आधी फक्त संध्याकाळी सुजायचा, आता सकाळीही उतरत नाही. दुखत मात्र नाही. उजव्या सँडलचा पट्टा तिसऱ्या भोकात बसतो, डाव्याचा शेवटच्या. रक्त, लघवी, थायरॉईड, सोनोग्राफी सगळं नॉर्मल. एका डॉक्टरांनी पाण्याच्या (लघवी वाढवणाऱ्या) गोळ्या दिल्या, पण पाय तसाच. आई म्हणते, "नजर लागनी पोरले." घरात लग्नाचं बोलणं चाललंय आणि सगळ्यांच्या मनात हत्तीरोगाची भीती आहे. मला नेमकं काय झालंय?

उत्तर : बेटा, तुझ्या पत्रातली मोलाची गोष्ट म्हणजे ती सँडलची भोकं. हृदय, किडनी, थायरॉईडची सूज बहुधा दोन्ही पायांवर येते. तुझी एकाच पायावर आहे, म्हणजे कारण त्याच पायात किंवा त्याच बाजूच्या ओटीपोटात शोधायला हवं.

आधी सोनोग्राफीचा कागद काढून वाच. ती पोटाची असेल, तर पायाच्या शिरा कुणी पाहिलेल्याच नाहीत. 'व्हेनस डॉप्लर', म्हणजे शिरांमधला रक्तप्रवाह दाखवणारी सोनोग्राफी, करून घे, आणि ओटीपोटापर्यंत पाहायला सांग. तिथे डाव्या पायाच्या शिरेवरून उजव्या पायाची धमनी जाते, काहींमध्ये शीर तिच्याखाली दबते. सूज अचानक वाढली, पोटरी दुखली किंवा दम लागला तर वाट पाहू नकोस, त्याच दिवशी दवाखाना गाठ.

डॉप्लर स्वच्छ आला तर लसिकावाहिन्यांकडे वळायचं. पेशींभोवतीचं पाणी त्या परत नेतात. काहींमध्ये त्या जन्मतःच कमी असतात आणि सूज वयात आल्यावर, कधी पस्तिशीपर्यंत, दिसते. मुलींमध्ये हे जास्त आढळतं. आत्ताच बघ, पायाच्या दुसऱ्या बोटाच्या मुळाशी वरची कातडी चिमटीत धर. उजवीकडे येते आणि डावीकडे येतच नाही, असं असेल तर लिम्फेडिमाचा, म्हणजे लसिकावाहिन्यांच्या दोषामुळे येणाऱ्या सुजेचा, संशय बळावतो. चिमटा आला म्हणून मात्र तो नाहीच असं समजू नकोस. मग लागते लिम्फोसिन्टिग्राफी, म्हणजे लसिकावाहिन्यांचं काम दाखवणारी तपासणी. ती न्यूक्लिअर मेडिसिन विभाग असलेल्या मोठ्या रुग्णालयात होते. या सुजेला पाण्याच्या गोळ्या उपयोगी पडत नाहीत, म्हणून तू सांगितलेल्याचं मला नवल वाटलं नाही.

हत्तीरोगाची शंकाही तपासूनच फेडायची. त्याचे जंतू रात्री रक्तात येतात, म्हणून रक्त रात्री 10 नंतर घेतात. दुपारच्या नमुन्यावर 'नाही' म्हटलं असेल तर ते धरू नकोस. अँटिजेनची (रक्तातला जंतूचा अंश ओळखणारी) कार्ड चाचणी दिवसाही चालते. हा रोग डासांतून येतो, शिवल्याने किंवा लग्नाने लागत नाही, हे आईला नीट सांग.

तोवर रोज सकाळी दोन्ही पोटऱ्या गुडघ्याखाली 10 सेंटिमीटरवर टेपने मोज आणि वहीत लिही. दोन्हींत 2 सेंटिमीटरचा फरक दिसला की डॉक्टरही वेगळ्या नजरेने पाहतात. बोटांच्या बेचक्या कोरड्या ठेव, शेतात अनवाणी जाऊ नकोस. ताप येऊन पाय लाल झाला, तर लगेच दाखव. दाबाचे मोजे निदान झाल्यावरच घे, आणि त्यांचं माप सकाळी, सूज कमी असताना दे. आपल्याकडच्या मे महिन्यात ते घालणं जिवावर येतं, मला माहीत आहे, तरी सोडू नकोस.

लग्नाची बैठक महिनाभर पुढे ढकलायला वडिलांना सांग. डॉप्लर त्याआधी होऊ दे.