अमेरिकेतील लहान दुकानाला संघीय वेतन कायदा लागू होत नाही, हे खरे आहे का?

जॉर्जियातील आपल्या किराणा-फराळाच्या दुकानाची वार्षिक विक्री ३ लाख डॉलरच्या आसपास आहे, कामाला तीन माणसे आहेत, आणि ५ लाखांच्या आतल्या दुकानाला संघीय वेतन कायदा लागत नाही असे मित्राने सांगितले, ते खरे का, असे आपण विचारले आहे. मी वकील नाही, पण अशाच दुकानांचे हिशेब लिहितो. मित्राचे म्हणणे अर्धेच खरे आहे.

हा संघीय वेतन कायदा म्हणजे १९३८ चा फेअर लेबर स्टँडर्ड्स ॲक्ट; त्याखाली कामगार दोन वाटांनी येतो. पहिली वाट धंद्याची: वर्षाची ढोबळ विक्री ५ लाख डॉलर किंवा त्याहून अधिक असेल, तर सगळी माणसे कायद्याखाली येतात. येथे नफा नव्हे, विक्री पाहतात. शिवाय एकाच ताब्यात, एकाच हेतूने चालणाऱ्या दोन दुकानांची बेरीज होते, त्यामुळे दुसरे दुकान निराळ्या नावावर दाखवण्याची युक्ती सहसा टिकत नाही. रुग्णालये व शाळा यांना मात्र विक्रीची ही अट नाही.

दुसरी वाट एकेका माणसाची आहे आणि नेमकी तीच लोक विसरतात. विक्री कितीही कमी असली, तरी जो कामगार स्वतः आंतरराज्य व्यापाराचे काम करतो, म्हणजे न्यू जर्सीच्या घाऊक व्यापाऱ्याला फोन करून माल मागवतो किंवा परराज्यातील गिऱ्हाइकांना फराळाची पार्सले पाठवतो, त्याला तो कायदा लागू होतो. गिऱ्हाइकांच्या क्रेडिट कार्डाचे व्यवहार करणाऱ्यालाही अमेरिकेचे कामगार खाते यातच धरते. हा निर्णय आठवड्यागणिक होतो. म्हणून केवळ स्वयंपाकघरात भांडी घासणारा कदाचित बाहेर राहील, गल्ल्यावरचा बहुधा आत येईल. आत आलेल्याला ताशी किमान ७.२५ डॉलर आणि आठवड्यात ४० तासांपुढे दीडपट दर द्यावा लागतो.

जो बाहेर राहील त्याच्यासाठी राज्याचा कायदा पाहावा. जॉर्जियाचा दर ५.१५ डॉलर आहे, पण पाच किंवा त्याहून कमी माणसे ठेवणाऱ्यांना तोही लागत नाही, आणि आपल्याकडे तिघेच आहेत. अनेक राज्यांत मात्र असे नाही. तेथे राज्याचा दर संघीय दराहून चढा असतो.

तरीही भांडी घासणाऱ्याला ७.२५ पेक्षा कमी देऊ नये, असे मला वाटते. एखाद्या आठवड्यात गल्ल्यावरचा रजेवर गेला आणि त्याचे काम याने केले, तर त्या आठवड्यापुरता तो कायद्याखाली येतो, आणि बुडालेले वेतन सहसा तेवढ्याच भरपाईसह, म्हणजे दुप्पट, भरावे लागते. दाव्याची मुदत दोन वर्षे, जाणूनबुजून केले असल्यास तीन. कोणी काय काम किती तास केले, याची नोंद आजपासूनच ठेवा.