अडीच लाखांचे राम दरबार टोकन: त्यासाठी एफडी मोडावी का?

मिरजेच्या एका वाचक ताईंचा प्रश्न आहे. सासूबाईंच्या देव्हाऱ्यात राम दरबाराचे एक टोकन आहे, मागच्या बाजूला 'यूकेएल', 'वन आना' आणि 1818. ओळखीतल्या एका गृहस्थाच्या म्हणण्यानुसार ते कंपनी सरकारचे अष्टधातूचे नाणे आहे. त्याच्याकडचे जोडीचे टोकन अडीच लाखांना घ्यायचे, मग दुबईची पार्टी जोडीचे चाळीस लाख देणार. इसार म्हणून पाच हजार देऊन झालेत. बाकीच्या रकमेसाठी मुलीच्या इंजिनिअरिंगची एफडी मोडावी का?

ताई, मोडू नका.

धातूचे कोडे घरीच सुटते. 0.01 ग्रॅमपर्यंत मोजणारा छोटा काटा काही शे रुपयांत मिळतो. टोकनाचे कोरडे वजन लिहून ठेवा. मग पाण्याचा पेला काट्यावर ठेवून काटा शून्यावर आणा आणि टोकन दोऱ्याने पाण्यात असे सोडा की पूर्ण बुडेल, पण तळाला टेकणार नाही. आता दिसेल त्या आकड्याने कोरड्या वजनाला भागा. समजा वजन 11.20 आणि आकडा 1.31, तर उत्तर 8.55, म्हणजे बहुधा पितळ. तांब्याचे 8.96 येते, चांदीचे 10.5, सोन्याचे 19.3. सराफाकडचे एक्सआरएफ यंत्र धातूंची टक्केवारीच दाखवते, पण ते फक्त वरचा थर वाचते. मुलामा असेल तर फसवते. म्हणून दोन्ही करा. आणि कृपा करून चिंच-मीठ लावून घासू नका. नाणे खरे असले तरी चकचकीत केल्यावर संग्राहक भाव पाडतात.

तरी धातू कळला म्हणून दुर्मीळपणा कळत नाही. त्यासाठी इतिहास बघावा लागतो, आणि इथे तो तुमच्या गृहस्थांच्या बाजूने नाही. देवांची नाणी कंपनीने पाडलीच नाहीत असे नव्हे. मद्रासच्या सोन्याच्या छोट्या होनांवर विष्णू आहे. पण एक आण्याचे नाणे ब्रिटिश हिंदुस्थानात रोजच्या चलनात आले ते 1907 च्या सुमारास, तांबे-निकेलचे, नागमोडी कडेचे. 'यूकेएल' ही कंपनीची खूण नव्हे. देवाच्या छापाची मंदिर-टोकने, ज्यांना रामटंका म्हणतात, ती खरीच असतात आणि जुन्या चांदीच्या रामटंकांना संग्राहक मिळतातही. पण 1818 ची ही 'आणे' अलीकडची बनावट असून ढिगाने विकली जातात. मोडीत दहा रुपयेही यायचे नाहीत.

आता दुबईच्या पार्टीकडे या, कारण सगळा डाव तिच्यावर उभा आहे. टोकन खरोखर 1818 चे असेल तर ते शंभर वर्षांहून जुने, म्हणजे 1972 च्या पुरावस्तू कायद्यात बसणारे. खासगी माणसाला ते देशाबाहेर पाठवता येत नाही. खोटे असेल तर चाळीस लाख कोण देणार? दोन्ही बाजूंनी व्यवहार बसत नाही. उद्या 'रिझर्व्ह बँकेचे शुल्क' किंवा 'जीएसटी' भरा असा फोन आला, तर लक्षात असू द्या की आपल्या नावाने असे पैसे उकळणाऱ्यांबद्दल रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट 2021 मध्येच सावध केले आहे. मुंबई-पुण्यातली लिलावगृहे आपले कमिशन विक्रीच्या रकमेतून कापतात. विक्रीआधी रोकड मागणाऱ्याला दारातूनच परत पाठवा.

एफडी मुदतीआधी मोडली तर बँक साधारण अर्धा ते एक टक्का व्याज कापेल, ते सोसता येईल. मुलीची फी मात्र ठरल्या तारखेलाच भरावी लागते. छंद म्हणून नाणी घ्यायची असतील तर महिन्याच्या शिलकीतून, पावती घेऊन घ्या.

गृहस्थांना एवढेच सांगा: टोकन आधी आमच्या सराफाकडे तपासू. ते टाळतील असा माझा अंदाज. इसाराचे पाच हजार यूपीआयने दिले असतील तर स्क्रीनशॉट जपून ठेवा आणि आजच सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. उशीर झाला की पैसे पुढच्या खात्यात सरकतात.