रंग विकत आणायलाच हवेत का?

प्रश्न : मी शेतमजूर. मुलगी आठवीत आहे, दिवसभर चित्रं काढते. रंगांना पैसे पुरत नाहीत. आमच्यासारख्या घरातून कुणी चित्रकार झालंय का? – एक पालक, नंदुरबार

उत्तर : भुरीबाईंचं नाव ऐकलंय? झाबुआ जिल्ह्यातल्या पिटोलच्या, भिल्ल समाजातल्या. भोपाळला भारत भवन या कलाकेंद्राचं बांधकाम चालू होतं, तिथे त्या सहा रुपये रोजावर मजुरी करत. चित्रकार जगदीश स्वामिनाथन यांनी तिथल्या मजूर बायकांना विचारलं, घरच्या भिंतींवर काय काढता ते कागदावर काढाल का? बसून चित्र काढायचं आणि वर मजुरीपेक्षा जास्त पैसे, याचं भुरीबाईंना नवलच वाटलं! घरी गेरू, पानांचा रस आणि तव्यावरची काजळी हेच त्यांचे रंग होते. बाटलीतले तयार रंग भोपाळला भेटले.

१९८६ मध्ये मध्य प्रदेश सरकारचा शिखर सन्मान मिळाला, २०२१ मध्ये पद्मश्री. मधली वर्षं मात्र कष्टाचीच होती, हे मुलीपासून लपवू नका.

त्यांच्या चित्रातलं हरीण बघा. अंगभर ठिपके, ओळीने पेरल्यासारखे. मी तीस वर्षं चित्रकला शिकवली, पण असा ठिपका मला काही साधला नाही. मुलीला कडुनिंबाची काडी टोकाला चेचून द्या, झाला ब्रश. सध्या गेरू, चुना आणि काजळी पुरे. एलिमेंटरी या सरकारी चित्रकला परीक्षेचं तेवढं शाळेत विचारून ठेवा.