पिचर व्हायचंय म्हणतोस, तर आधी हे ऐक भावा

भावा, क्रिकेटमधनं बेसबॉलला येतोयस हे चांगलंच, पिचर म्हणजे हितला बॉलरच, पण तुझी बॉलिंग विसर, कारण तिथं कोपर सरळ ठेवायची सवय असते आणि हितं हात वाकवूनच फेकायचाय, म्हणजे बाऊंड्रीवरनं कीपरकडं थ्रो मारतोस ना त्याच्याशी जास्त जुळतं. पिचरपासनं होम प्लेट, म्हणजे बॅटर उभा असतो ती जागा, ६० फूट ६ इंच, आणि ताशी ९० मैल वेगाचा बॉल साधारण ०.४ सेकंदात पोचतोय, तेवढा वेग नुसत्या दंडातनं येत नाही, पाय, कंबर, मग खांदा असा खालनं वर येतो. म्हणून तालमीतल्या बैठका सोडू नको, लई कामाच्या आहेत.

पहिले सहा महिने फक्त फोर-सीम, म्हणजे सरळ वेगाचा बॉल, दोन बोटं शिवणीवर आडवी, कर्व्हबॉलचा, म्हणजे वळणाऱ्या बॉलचा नाद आत्ता नको. आणि हात जप रे, मी तुझ्या वयात रोज दुखेपर्यंत फेकायचो, कोपरानं वर्षभर घरी बसवलं. १६ वर्षाच्या पोराला अमेरिकेत दिवसाला जास्तीत जास्त ९५ पिच, म्हणजे ९५ वेळा बॉल फेकणं, आणि ७५ च्या वर गेलं की चार दिवस सुट्टी असा हिशोब धरतात, तू वहीत मोजून लिहीत जा.

करिअरचं विचारलंस, तर २००८ ला आपल्या भारताच्या रिंकू सिंग (क्रिकेटवाला नव्हे) आणि दिनेश पटेलला अमेरिकेतल्या पिट्सबर्ग पायरेट्स या बेसबॉल टीमनं घेतलं, दोघंबी भालाफेकवाले, तरी मायनर लीगच्या, म्हणजे खालच्या पातळीच्या लीगच्या पुढं जाता आलं नाही. म्हणून कॉलेज सोडू नको. उद्या सकाळी ग्लोव्ह घेऊन ये, बॉल धरायची ग्रिप बघूया.